मागून येणारा ठोका

मोटरसायकलचा आवाज तोंडाने काढून दाखवणाऱ्या गिऱ्हाइकांचा मला मनापासून राग येतो. बोईसरमध्ये माझं गॅरेज आहे, तारापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, आणि तिथे रोज कुणी ना कुणी माझ्यापुढे उभं राहून खर्र, टिकटिक, घूंघूं असं काहीतरी करत असतं. एका वेल्डरने तर "घोडा हाँफता है ना, वैसा" म्हणून मला धापा टाकणारा घोडा करून दाखवला होता. मी म्हटलं, मग घोड्याच्या डॉक्टरकडे जा. स्वभाव असा आहे, त्याला आता इलाज नाही.

भगवंतदादांनी तोंडाने काहीच काढलं नाही. बाकावर पडलेला पाना त्यांनी उचलला, लोखंडी बाकावरच एकदा हाणला आणि म्हणाले, "असा. मागनं येतो." मग पाना जागच्या जागी ठेवला आणि गाडीजवळ जाऊन उभे राहिले.

भगवंत तांडेल हा माणूस दातिवऱ्याचा. समुद्रकाठचं मच्छीमारांचं गाव, वडिलांची होडी, आणि तरुणपणी भगवंतदादा त्या होडीचं इंजीन सांभाळायचे. पुढे भावाभावांत होडी विकली गेली आणि हे बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर लागले. गाव मात्र सोडलं नाही. रोज पहाटे दातिवऱ्याहून निघायचं, एडवण, माकुणसार, पालघर करत बोईसर गाठायचं आणि पाळी संपली की त्याच वाटेने परत. कंपनीच्या बसमधून येणारी पोरंसुद्धा उशिरा यायची, पण हा माणूस एवढ्या लांबून वेळेवर हजर. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, मी कुठला, ती उठवते.

ती म्हणजे साखरबाई, त्यांची बायको. रोज मागच्या सीटवर त्या असायच्या आणि त्यांच्या मागे, वेल्डरकडून मुद्दाम वाढवून घेतलेल्या कॅरियरवर, बर्फ घातलेली माशांची पाटी. भगवंतदादा अंगाने काडी, आणि साखरबाई त्यांच्या दुप्पट. नाक्यावरचे रिक्षावाले दोघांना येताना बघून म्हणायचे, आला बघा, पुढे बोंबील आणि मागे हलवा मासा. साखरबाईंना ते ऐकू जायचं. त्या उतरून सगळ्यांच्या समोर म्हणायच्या, हलवा तुमाला परवडनार नाय, बोंबील घ्या. आणि घ्यायला लावायच्या.

माझ्या गॅरेजच्या समोर, कॉलनीच्या वळणावर त्यांची बसायची जागा. मी सांगोल्याकडचा. आमच्याकडे मासा म्हणजे ओढ्याला पाणी असेल त्या वर्षी. समुद्राच्या माशाला मी नाक मुरडतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि मला 'घाटी' हे नाव देऊन टाकलं. नामदेव हे माझं नाव त्यांना माहीत होतं, पण वापरलं कधी नाही. एक दिवस घरून तळलेली मांदेली डब्यात घालून आणली आणि मी काटे काढत बसलो तर मला लहान मुलासारखं रागावल्या, की घाट्या, मांदेली काट्यासकट खायची असते. आता माझ्या घरी आठवड्यातून दोनदा मासे असतात. हे मी सांगतोय कारण भगवंतदादांची गाडी ही माझ्यासाठी नुसती गिऱ्हाइकाची गाडी नव्हती.

श्रावणाच्या तोंडावर साखरबाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं, पुढे कावीळ निघाली, आणि दवाखान्यात नेल्या त्या घरी आल्याच नाहीत. तेराव्यानंतर भगवंतदादा कामावर आले, एकटे. त्या दिवशी वळणावर त्यांनी सवयीने गाडी हळू केली आणि मी मुद्दाम आत जाऊन उभा राहिलो. बघवेना.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते हा मागून येणारा ठोका घेऊन माझ्याकडे आले.

आवाजाचं काम म्हणजे डोक्याला ताप. इंजिनाचा बिघाड दिसतो, तेल गळलेलं दिसतं, आवाज दिसत नाही. मी चेन तपासली, मागच्या चाकाचं बेअरिंग हलवून बघितलं, मडगार्डचे बोल्ट, सायलेन्सरची पट्टी, स्टँडची स्प्रिंग, कॅरियरचे सगळे जोड आवळले. मग म्हटलं, चला एक चक्कर मारू. गाडी मी घेतली, ते मागे बसले. रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन आलो, रस्त्यात खड्डे म्हणाल तर तोटा नाही, पण आवाज काही आला नाही. मी खूश झालो. ते नव्हते. दोनच दिवसांनी परत आले आणि पाना उचलून बाकावर तोच ठोका हाणला.

यावेळी गाडी त्यांना दिली आणि मी मागे बसलो. आवाज नाही. मी म्हटलं, दादा, कानात मळ असेल. ते हसले नाहीत. मी एवढंच बघितलं की खड्डा आला की त्यांची मान आपोआप मागे वळत होती, आणि मागे मी दिसलो की पुन्हा पुढे होत होती.

दरम्यान मनोरच्या एका मिस्त्रीने त्यांना चेन आणि दोन्ही चाकं बदलायला लावली होती. गावातल्या म्हाताऱ्यांनी समुद्राला नारळ द्यायला सांगितलं, तोही देऊन झाला. ठोका होता तिथेच.

मग मला फोन आला मोनालीचा. मोनाली ही त्यांची एकुलती एक मुलगी, माकुणसारला दिलेली, येता-जाता वाटेत तिचं घर लागतं. ती रडायच्या बेतात होती. भगवंतदादा चालत्या गाडीवर भर रस्त्यात मध्येच ब्रेक दाबून थांबतात, असं तिच्या नवऱ्याने स्वतः पाहिलं होतं. आदल्या दिवशी पालघरच्या पुढे मागून येणारा केमिकलचा टँकर त्यांच्या अंगावर यायचा राहिला होता, ड्रायव्हरने खाली उतरून शिव्या दिल्या. विचारलं तर बाबा एवढंच म्हणतात, आवाज आला म्हणून थांबलो. तिने मला स्पष्ट सांगितलं, की नामदेवकाका, एकतर या रविवारपर्यंत तो आवाज घालवा नाहीतर गाडी आम्ही विकतो आणि बाबांना माकुणसारला घेऊन येतो. आई गेली, आता बाबांना रस्त्यावरून उचलून आणायची ताकद नाही माझ्यात.

मी विचारलं, आवाज तू ऐकलास का? तर म्हणाली, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करायला म्हणून मी मुद्दाम त्यांच्या मागे बसून गेले, नुसता वारा रेकॉर्ड झाला, ठोका नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी मागे बसलो, आवाज नाही. ते मागे बसले, आवाज नाही. पोरगी बसली, आवाज नाही. माझी ट्यूब पेटली ती फोन ठेवल्यावर. गाडीवर दोन माणसं असताना हा आवाज कुणीच कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भगवंतदादा आले तेव्हा मी म्हटलं, चावी द्या, मी एकटा फिरवून आणतो. त्यांनी चावी मुठीत धरली. मालक किनाऱ्यावर आणि होडी परक्याच्या हातात असं आमच्यात करत नाहीत, म्हणाले. कुणी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आपली होडी दुसऱ्याला देऊन स्वतः वाळूत उभा राहत नाही, वाईट असतं ते. म्हणजे इतके दिवस हा माणूस प्रत्येक वेळी चक्कर मारायला माझ्याबरोबर चढत होता तो याच्यासाठी, आणि मी समजत होतो की त्यांना माझ्यावर भरवसा नाही. मी तडकलो. म्हटलं, दादा, ही होडी नाही, ही शंभर सीसीची गाडी आहे, आणि ती रविवारी विकली गेली तर तुम्ही कायमचेच वाळूत. मोनालीचं नाव घेतल्यावर त्यांची मूठ सैल झाली. चावी दिली आणि गाडीकडे पाठ करून स्टुलावर बसले.

मी निघालो. फाटकाच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे, तिथे पहिला खड्डा लागला आणि मागून आवाज आला, ठक. एकच. सगळ्या गाडीत दुसरी कुठलीही खडखड नाही, आणि अगदी कुणीतरी कॅरियरच्या पट्टीवर बोटातल्या अंगठीने वाजवावं तसा स्वच्छ. मी गेली कित्येक वर्षं हेच काम करतोय, तरी मी मागे वळून बघितलं.

परत आलो तर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"आला ना?" त्यांनी विचारलं. "एकच ना?"

मी म्हटलं, हो, एकच.

"एक म्हंजे थांब," ते म्हणाले.

मग मला ते सगळं सांगितलं, तेही गाडीकडे बघत, माझ्याकडे नाही. होडीवर इंजीन खाली असतं. इंजिनाच्या धडधडीत वरच्या माणसाची हाक खाली ऐकू जात नाही. म्हणून वरून वडील फळीवर लाकूड ठोकायचे आणि खाली भगवंतदादा त्या ठोक्यांवर इंजीन चालवायचे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे हळू, तीन म्हणजे सुसाट सोड. तरुणपणाची सगळी वर्षं त्यांनी समुद्र असा खालूनच, ठोक्यांवर काढला. पुढे मोटरसायकल आली. हेल्मेट, वारा, टँकरचे हॉर्न, मागच्या माणसाचं बोलणं पुढे पोचायचं नाही. साखरबाईंनी एक-दोनदा पाठीत गुद्दे घालून बघितलं, मग यांनीच त्यांना होडीचे ठोके शिकवले. त्या दिवसापासून त्या हात मागे नेऊन कॅरियरच्या पट्टीवर अंगठीने वाजवायच्या. ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं, एक. पाटी सरकली, एक. रस्ता खराब, दोन. मोनालीच्या दारात कुणी उभं दिसलं, एक. "कवा कवा तर काय बी नसायचं," ते म्हणाले. "एक ठोका द्यायची. मी थांबलो की म्हनायची, काय नाय, सुर्य बग कसा दिसतो. चल."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे खोड दोघांची मिळून होती आणि मेलं होतं एकच.

मी गाडी स्टँडवर लावली. आता कुठे बघायचं ते मला माहीत होतं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी शॉकअप असतात, त्यांच्या स्प्रिंगखाली खाचांची एक कडी असते. ती कडी फिरवली की स्प्रिंग कडक होते किंवा मऊ होते. भगवंतदादांच्या गाडीला ती दोन्हीकडे शेवटच्या खाचेवर होती, सगळ्यात कडक, आणि खाऱ्या हवेने तिथेच गंजून बसली होती. मी विचारलं, ही एवढी कुणी आवळली? म्हणाले, मीच. पाटी सुरू झाली तेव्हा. गाडी मागे फार बसायची, खड्ड्यात तिच्या पाठीला लागायचं.

मी सांगितलं ते असं. ही स्प्रिंग दोन माणसं, भरलेली पाटी आणि बर्फ एवढ्या वजनासाठी आवळलेली आहे. तुमच्या एकट्याच्या वजनाने ती दबतच नाही. खड्डा आला की गाडी वर फेकली जाते, चाक खाली लोंबतं आणि शॉकअप आतल्या आत टोकाला जाऊन आपटतो. मागे कुणीही बसलं की तो दबलेला राहतो, मग आवाज नाही. मनोरवाल्याने चाकं बदलली, त्यात चाकांचा काही दोष नव्हता. कडी मऊ खाचेवर आणली की झालं, अर्ध्या तासाचं काम आहे.

त्यांनी ते ऐकलं. रिकामी होडीसुद्धा लाटेवर अशीच आपटते, म्हणाले. मग वाकून स्प्रिंगवरून बोट फिरवत राहिले. एक गिऱ्हाईक येऊन पंक्चर आहे म्हणालं, त्याला मी हाताने थांबवलं.

"म्हंजे ती मागं नाय म्हनून वाजतो," भगवंतदादा म्हणाले. "मी समजत होतो, ती हाय म्हनून वाजतो."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, यंत्राचं होतं ते असं होतं. मी पाना घेतला तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "आज नको," म्हणाले. "उद्या कर. आज एकदा असाच जातो घरी."

एरवी मी ऐकलं नसतं. आवाज सापडलेली गाडी तशीच सोडणं म्हणजे डॉक्टरने पोट उघडून उद्या या म्हणण्यासारखं आहे, आणि वर टँकरवाल्याची गोष्ट माझ्या डोक्यात होती. पण मला साखरबाईंची आठवण येत होती, आणि समोरचं वळण रिकामं दिसत होतं. मी एवढंच बजावलं की डाव्या कडेने जा, थांबायचं तर कडेला घेऊन थांबा आणि मोनालीच्या घरी पोचलात की फोन करा. ते लहान पोरासारखे हो हो म्हणाले आणि गेले. फाटकाच्या अलीकडच्या खड्ड्यात ठोका पडला असणार, कारण गाडी कडेला गेली आणि थांबली. एक पाय जमिनीवर टेकवून ते तिथे बसून राहिले आणि मग पुढे गेले.

फोन आला तो दिवेलागणीनंतर, मोनालीचा. बाबा आत्ता पोचले म्हणाली. कारखान्यातून दुपारी सुटलेला माणूस माकुणसारला दिवे लागल्यावर पोचला, ते ऐकून मला तो टँकरच आठवला. पण ती रागावलेली नव्हती. ती म्हणाली, बाबांना मी विचारलं एवढा उशीर का, तर ते म्हणाले, तुझी आय सारकी थांबवत होती. आणि काका, ते हसत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ते आले ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले, आणि त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. एवढ्या लांब फक्त याच कामासाठी. येतानासुद्धा ठोक्याठोक्याला थांबत आले असणार, मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं ते असं, की पालघरपासून इकडे बराचसा रस्ता नवा केलाय, तिथे ती काही बोलली नाही. एडवण ते माकुणसार मात्र खूप बोलली.

मी कड्यांवर तेल सोडलं आणि मुरू दिलं. पाना लावणार तेवढ्यात ते म्हणाले, "मी आवळलेली हाय. मीच सोडतो."

गंजलेली कडी सोडवणं सोपं नसतं. त्यांचे हात बॉयलरवर भाजून भाजून राठ झालेले, तरी दोनदा पाना सटकला आणि एकदा बोट सोलवटलं. मी मदतीला हात पुढे केला नाही. मला कळत होतं की इथे आपलं काम फक्त उजेड धरायचं आहे. एक बाजू सुटली, कडी खाच ओलांडून खाली आली तेव्हा स्प्रिंगने सुस्कारा टाकावा तसा बारीक आवाज केला. दुसऱ्या बाजूला ते बराच वेळ नुसता पाना धरून उकिडवे बसले. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही आणि लपवलंही नाही. मग तीही सोडली.

मी म्हटलं, बसून बघा. ते गाडीवर बसले आणि गाडी त्यांच्याखाली मऊपणे खाली गेली, एका माणसाखाली जावी तेवढीच. दोनदा उठून बसून त्यांनी ते परत परत बघितलं.

"मागं कुनी बसला तर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तर या माझ्याकडे, परत आवळून देईन.

"कोन बसनार," ते म्हणाले आणि किक मारली.

हातातलं काम टाकून मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मोनालीने रविवारपर्यंत मागितलं होतं ते झालं होतं, गाडी विकावी लागणार नव्हती, टँकरची भीती नव्हती, आणि कुणाला न सापडलेला आवाज मी शोधून काढला होता. एरवी असा दिवस आला की मी शेजारच्या टपरीवाल्याला चहा पाजतो. भगवंतदादा फाटकाच्या अलीकडे पोचले, जिथे रस्ता उखडलेला आहे. मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि गपचूप बाहेर आलं. मी त्यांच्या गाडीचा मागचा लाल दिवा लागायची वाट बघत होतो. देवाशपथ सांगतो, आवाज घालवणारा मी, पण त्या क्षणी तो दिवा लागावा, त्यांनी कडेला घ्यावं, पाय टेकवून थोडं बसावं असं मला फार वाटलं. ते सरळ गेले. थांबतील कशाला, त्यांना थांब म्हणणारं आता मागे कुणीच नव्हतं.